पाला अळ्यांचा की शेळ्यांचा? पाटोदा तालुक्यातील एका तुतीबागेचे प्रकरण

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, एका कुटुंबाची तीन एकर हलकी ते मध्यम जमीन आहे. त्यातील एका एकरावर ठिबकवरची तुती आहे. उरलेल्या दोन एकरांत खरिपाला सोयाबीन व तूर आणि परतीचा पाऊस साधला तर रब्बी ज्वारी निघते. घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुले आणि नवऱ्याची आई अशी पाच माणसे असून दावणीला नऊ उस्मानाबादी शेळ्या व त्यांची करडे आहेत. पूर्वी हे जोडपे दिवाळीनंतर ऊसतोडीला जात असे आणि शेळ्या म्हातारीच्या हवाली असत. तुतीचा पाला खाणाऱ्या रेशीम अळ्यांच्या कोषांचे पैसे येऊ लागल्यावर त्यांनी कोयता सोडला. ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही.

वाद पेटला तो बागेच्या तिसऱ्या उन्हाळ्यात. सासूबाई रोज सकाळी बागेच्या कडेच्या ओळींतून शेळ्यांसाठी एक भारा कापून आणत. त्यांच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते, कारण बांधावरचा चारा फेब्रुवारीतच संपला होता आणि कडब्याच्या गंजीने तळ गाठला होता. मार्चअखेरच्या बॅचचे, म्हणजे एका वेळी वाढवलेल्या अळ्यांच्या खेपेचे, कोष पोचट निघाले, बाजारात भाव पडून मिळाला आणि सुनेचा संयम सुटला. “आत्याबाई, अळ्यायला पाला पुरंना झालाय अन् तुम्ही शेळ्यायला भारे टाकायलात,” असे ती म्हणाली. “मग शेळ्या काय वाऱ्यावर जगायच्या का?” हे सासूबाईंचे उत्तर. नवऱ्याने शेळ्या विकून टाकण्याचा विचार बोलून दाखवला आणि तिथून हे प्रकरण घरगुती भांडणाच्या पलीकडे गेले. कारण नऊ शेळ्या विकणे म्हणजे कोरडवाहू घराची हाताशी असलेली रोकड एका दमात संपवणे होय.

तुती या मुलखात रुळली ती अलीकडच्या काळात. पैठणीचे माहेर असलेले पैठण मराठवाड्यातच आहे, पण त्या मागांना लागणारे रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येत राहिले, ही तशी गमतीचीच गोष्ट. रोजगार हमी योजनेतून लागवडीला व संगोपनगृहाला मदत मिळू लागली, पोखरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पाने तिला जोड दिली आणि 2018 साली जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाल्याने प्रत्येक वेळी माल घेऊन कर्नाटकातील रामनगरच्या कोषबाजाराची वाट धरण्याची गरज उरली नाही. या सगळ्यात तुतीकडे पाहण्याची नजर मात्र एकाच बाजूची झाली. तुती म्हणजे अळ्यांचे खाद्य, असे शिक्कामोर्तब झाले. शेळीने तिला तोंड लावले की ते नुकसान समजले जाऊ लागले. या प्रकरणात तपासायचे होते ते नेमके हेच गृहीतक.

पाल्याचा हिशेब

या बागेत व्ही-1 हे वाण पट्टा पद्धतीने, म्हणजे जोडओळींत, लावलेले आहे. शिफारशीप्रमाणे पाणी व खत मिळाले तर या वाणाच्या एका एकरातून वर्षाला 20 टनांहून अधिक पाला मिळू शकतो. पाटोद्याच्या हलक्या रानात आणि उन्हाळ्यात तासभर चालणाऱ्या विहिरीवर ती अपेक्षा धरता येत नाही. म्हणून निम्मे, म्हणजे वर्षाला 10 टन आणि पाच छाटण्या धरल्या, तर दर छाटणीला साधारण दोन टन पाला हाती येतो. हे कुटुंब एका वेळी 200 अंडीपुंजांची बॅच घेते (एका मादी पतंगाने घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज). शंभर अंडीपुंजांतून 40 ते 50 हजार अळ्या निघतात आणि त्यांना कोषावर जाईपर्यंत सुमारे 900 किलो पाला लागतो. म्हणजे 200 अंडीपुंजांना 1,800 किलो. बाग आणि बॅच यांचा मेळ जेमतेम बसतो, हे सुनेचे म्हणणे त्यामुळे खोटे नव्हते.

परंतु अळीचे खाणे सगळे दिवस सारखे नसते. कोषावर जाण्याआधी ती पाच अवस्थांतून वाढते. चॉकीच्या, म्हणजे बाल्याच्या पहिल्या दोन अवस्थांत ती नाममात्र खाते, तिसरी-चौथीत तिचे तोंड सुटते आणि पाचव्या अवस्थेच्या सात-आठ दिवसांत एकूण पाल्यापैकी चार-पंचमांश किंवा त्याहूनही जास्त फस्त करते. या घरच्या बॅचला त्या आठवड्यात रोज 200 किलोच्या आसपास पाला लागतो, तोही दिवसातून तीन-चार वेळा फांद्यांसकट रॅकवर टाकावा लागतो. शेडमध्ये त्या दिवसांत पाऊस पडल्यासारखा आवाज येत असतो आणि घरातील प्रत्येक हात बागेत असतो.

दुसऱ्या बाजूला तीस किलो वजनाच्या शेळीला दिवसाला अंदाजे एक किलो कोरडे अन्न लागते. त्यातील एक-तृतीयांश तुतीतून द्यायचे ठरवले, तर ओल्या पाल्यात साधारण 25 ते 30 टक्के कोरडा अंश असल्याने शेळीमागे सव्वा किलोच्या आतबाहेर पाला पुरतो. नऊ शेळ्या आणि करडे मिळून रोजचे 13 किलो झाले. पूर्ण बॅचच्या पंचवीसेक दिवसांत हे सव्वातीनशे किलो भरतात, म्हणजे पाचव्या अवस्थेतील अळ्यांचा जवळपास दीड दिवसाचा खुराक. ही रक्कम किरकोळ नाही. रेशीमग्रंथी शेवटच्या दिवसांतच भरतात, त्यामुळे दीड दिवसाची उपासमार कोषाच्या कवचात दिसल्याशिवाय राहत नाही.

इथपर्यंतचा हिशेब सुनेच्या बाजूने जातो. मात्र याच सासूबाई जानेवारीच्या बॅचच्या वेळीही असाच भारा रोज कापत होत्या आणि त्या बॅचचे कोष घट्ट व जड निघाले होते. तेव्हा पाला कमी पडला नव्हता, कारण थंडीत जमिनीत ओल होती आणि पाचवी अवस्था येईपर्यंत कापलेल्या ओळींनी पुन्हा फुटवे धरले होते. मार्चच्या बॅचमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पारा 36 अंशांवर जात होता. रेशीम अळीला 23 ते 28 अंश तापमान आणि 65 ते 85 टक्के आर्द्रता मानवते. मोठ्या अळीला तर या पट्ट्याच्या खालच्या टोकाचे तापमान हवे असते. शिवाय पाण्याअभावी पानांतील ओल घटली होती आणि मजूर न मिळाल्याने पाला भर दुपारी कापला जात होता, जो शेडमध्ये पोहोचेपर्यंत मलूल होई. माझ्या मते कोष पोचट होण्याचे मुख्य कारण ऊन व कोमेजलेला पाला हे होते. शेळ्यांच्या भाऱ्याने त्यात भर घातली, इतकेच म्हणता येईल.

दावणीला तुती

तुती ही वड, पिंपळ, उंबर, अंजीर आणि फणस यांच्याच कुळातली. उंबराचा आणि वडाचा पाला शेळीला घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तुती त्या दोघांपेक्षा कितीतरी सरस ठरते. तिच्या पानांतील प्रथिने वाण, वय व हंगामानुसार कोरड्या वजनाच्या 15 ते 28 टक्के भरतात, पचनीयता चांगल्या हिरव्या चाऱ्याहून अधिक असते आणि कॅल्शियम भरपूर असते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने चार टक्क्यांच्या आसपास असतात, हे लक्षात घेतले म्हणजे मूठभर तुतीने कडब्याच्या पेंढीला काय किंमत येते ते कळते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2000 साली तुतीचा जनावरांचे खाद्य म्हणून विचार करणारी एक स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक परिषद घेतली होती. म्हणजे हा विषय जगाला नवा नाही, रेशीमपट्ट्यातच त्याकडे काणाडोळा झाला आहे.

गावाकडे सुबाभूळ व शेवरी हे शेळीचे पाले म्हणून लोकांना माहीत आहेत. सुबाभळीत मायमोसीन नावाचे विषारी द्रव्य असल्याने ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे देऊ नये, असे सांगतात. तुतीत असे द्रव्य नाही आणि टॅनिनही कमी आहे, त्यामुळे शेळी तिला नाक मुरडत नाही. तरीही बेतानेच द्यावी लागते, हे या घराने अनुभवले. दहीवर पडलेला ओला पाला सासूबाईंनी एकदा सकाळी उपाशीपोटी करडांपुढे ढिगाने टाकला आणि दोन दिवस करडे हगवणीने गळून गेली. प्रथिने भरपूर आणि तंतू कमी असलेला ओला पाला पोटात एकदम गेला की असे होते. पुढे क्रम बदलला गेला. आधी कडबा किंवा तुरीचे भुस्कट, मग दोन-तीन तास सावलीत सुकवलेली तुती, आणि तीही जमिनीवर न टाकता दावणीच्या वर दोरीने उलटी टांगून. शेळी मान वर करून खाणारी आहे. पायदळी गेलेल्या चाऱ्याला ती तोंड लावत नाही आणि टांगलेल्या फांदीची मात्र सालसुद्धा सोलून खाते.

एका बाबतीत सासू व सून दोघींचीही समजूत सारखीच होती आणि ती धोक्याची होती. बॅच संपल्यावर रॅकवर राहिलेल्या फांद्या, त्यांना चिकटलेली अर्धी पाने व विष्ठा हे सगळे शेळ्यांनाच घालायचे, म्हणजे वाद मिटेल, असे ठरत आले होते. शेड पाहिल्यावर ही वाट बंद करावी लागली. प्रत्येक कातीच्या वेळी बेडवर, म्हणजे अळ्या व पाल्याच्या थरावर, चुना धुरळला जातो, कात टाकून उठलेल्या अळ्यांवर जंतुनाशक भुकटी पडते, आणि त्या भुकट्यांत फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये असू शकतात. खालच्या थरातील ओल्या पाल्याला बुरशी धरलेली असते. रोगाने मेलेल्या अळ्याही त्यातच असतात. असा कचरा शेळीच्या दावणीला जाता कामा नये. तो खड्ड्यात कुजवून बागेतच परत घालणे योग्य. अळ्यांच्या विष्ठेत नत्र चांगले असल्याने त्या खताची किंमत तुतीला लगेच कळते.

मग बॅच चालू असताना शेळ्यांना काय द्यायचे? याचे उत्तर रेशीम शेतीच्याच एका जुन्या कामात सापडले. पाचवी अवस्था येण्याच्या काही दिवस आधी फांद्यांचे कोवळे शेंडे खुडले तर खालची पाने एकसारखी पक्व होतात. मोठ्या अळीला पक्व पानच मानवते. या घरात शेंडे खुडले जात नव्हते. तसेच फांदीच्या बुडाशी पिवळी पडत चाललेली चार-पाच पाने अळ्यांच्या उपयोगाची नसतात. शेंडे आणि बुडाची पाने मिळून शेळ्यांचे ते आठ-दहा दिवस निघतात आणि अळ्यांच्या ताटातले काही कमी होत नाही. फक्त ढेकण्या (पिठ्या ढेकूण) पडून मुरडलेले, गोळा झालेले शेंडे वेगळे काढून जाळायचे. ते गोठ्यापर्यंत वाहून नेले की वाटेत कीड पसरते.

फवारणीबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. शेजारच्या कपाशीवर किंवा सोयाबीनवर मारलेल्या कीटकनाशकाचा तुषार वाऱ्याने तुतीवर आला तर शेळीला कदाचित काही जाणवणार नाही, पण अळ्या मात्र तोंडातून हिरवट पाणी ओकून, अंग आखडून एका रात्रीत मरतात. त्यामुळे जी बाग अळ्यांसाठी राखली जाते, तिचा पाला शेळ्यांसाठीही निर्धोक असतो. उलट, अळ्या नाहीत म्हणून उन्हाळ्यात बागेवर काहीही फवारायचे आणि पाला शेळ्यांना कापून घालायचा, हा प्रकार या भागात होताना दिसतो. तो तातडीने थांबायला हवा, कारण त्यात दूध पिणारी लेकरेही येतात.

उन्हाळ्याचा निर्णय

या कुटुंबाने शेवटी ठरवले ते असे की, फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मार्चमध्ये संपणारी बॅच ही वर्षातली शेवटची. त्यानंतर पावसाळा सुरू होईपर्यंत शेड बंद. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या पाऱ्यात पत्र्याखाली अळ्या जगवण्यासाठी ओली पोती, फॉगर आणि रात्रपाळी हे सगळे करूनही हाती पोचट कोष येत असतील, तर ती मेहनत वायाच जाते. विशेष म्हणजे, अळ्यांना जे दिवस नकोसे तेच दिवस शेळ्यांच्या उपासमारीचे. रेशमाची सुट्टी आणि चाऱ्याची टंचाई एकाच वेळी येतात, म्हणून एकच बाग दोघांना पुरू शकते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्या काळात बीडच्या खेड्यांत लोकांनी जनावरे कवडीमोल भावाने विकली. अशा वर्षी एका एकर तुतीचा निम्मा तुकडा जरी हिरवा राहिला, तरी शेळ्यांना बाजार दाखवावा लागत नाही.

निम्माच तुकडा, कारण पाणी तेवढेच. सगळ्या एकराला थोडे थोडे पाणी देऊन सगळीच बाग अर्धमेली ठेवण्यापेक्षा विहिरीजवळच्या अर्ध्या एकराला पुरेसे पाणी द्यायचे आणि उरलेला अर्धा तसाच सोडायचा, असे ठरले. तीन वर्षांच्या तुतीची मुळे खोल गेलेली असतात. पाने गळली तरी खोड मरत नाही आणि जूनच्या पावसावर तळछाटणी केली की ती जोमाने फुटते. ही तळछाटणी वर्षातून एकदा करायचीच असते. पाण्यावरच्या अर्ध्या एकरातून शेळ्यांसाठी रोज दोन-तीन ओळी न कापता एकाच ओळीचा काही भाग कापायचा, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेतो पहिली पुन्हा फुटलेली असते. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या 75 दिवसांना रोज 13 किलोप्रमाणे टनाच्या आत पाला लागतो आणि तेवढा या तुकड्यातून निघाला. कडब्याचा खर्च थांबला नाही, पण सरकी पेंडीचे पोते त्या उन्हाळ्यात आणावे लागले नाही.

दिवाळीच्या सुमारास, हवामान चांगले असताना बॅचला पुरून उरणारा पाला सावलीत वाळवून पोत्यांत भरण्याचेही त्यांनी सुरू केले आहे. पान उन्हात वाळवले तर काळपटते आणि चुरा होऊन निम्मे वाऱ्यावर जाते. शेडच्या रिकाम्या रॅकवर वाळवले तर हिरवे राहते. हे काम सुनेने आपणहून अंगावर घेतले, याचे मला विशेष वाटते.

शेळ्यांचे काय झाले, हे सांगताना सावध राहिले पाहिजे. जूनमध्ये त्यांच्या बरगड्या दिसत नव्हत्या आणि पहिल्या पावसानंतर बहुतेक शेळ्या वेळेवर गाभण राहिल्या. फळण्याच्या आधी अंगावर आलेल्या शेळीला जुळी होण्याची शक्यता वाढते, हे खरे. पण उस्मानाबादीत जुळी होणे मुळातच नवलाचे नाही, आणि नऊ शेळ्यांच्या कळपावरून तुतीला त्याचे श्रेय देणे घाईचे ठरेल.

फळांचा भाग या प्रकरणात छोटा आहे. छाटणीच्या बागेत नव्या फुटव्यांच्या बुडाशी जी थोडी फळे धरतात ती घरच्यांना नकोशीच असतात, कारण फांद्यांबरोबर बेडवर गेली की ओल वाढते व कुजतात. पण विहिरीच्या काठावर दोन जुनी, कधीही न छाटलेली झाडे आहेत आणि फेब्रुवारी ते एप्रिल मुलांचे हात-तोंड जांभळे असते. तुतीचे एक फळ म्हणजे खरे तर अनेक बारीक फळांचा घोस आहे. शंभर ग्रॅम फळांत अवघ्या 43 कॅलरी, 36 मिलिग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व क आणि दोन मिलिग्रॅमहून थोडे कमी लोह असते. कच्ची फळे मात्र पोट बिघडवतात. पिकलेले फळ दिवसभरात पाणी सोडते, त्यामुळे पाटोद्याहून बीडच्या बाजारात नेण्याचा विचार व्यवहार्य नाही. घरी साखर व लिंबाचा रस घालून पाक करून ठेवणे जमते, आणि सुनेने तो केला. हिमालयापलीकडच्या व पामीरच्या डोंगराळ भागात पांढरी तुती वाळवून, दळून तिचे पीठ हिवाळ्यात खातात. आपल्याकडे ती गरज पडली नाही.

पुढच्या पावसाळ्यात बांधावर तुतीची झाडे लावायचे या घराचे नियोजन आहे. बागेसारखी झुडपे न करता पुरुषभर उंचीवर खोड धरून, म्हणजे खालून शेळीला सहज पोहोचता येणार नाही अशी, पुरेसे अंतर ठेवून. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या कांड्या तळछाटणीतून फुकट मिळतीलच. अडचण एवढीच आहे की पहिली दोन वर्षे त्या रोपांना बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे लागेल, कारण नवे खोड सापडले की शेळी पाने खाऊन थांबत नाही, साल गोल सोलते आणि झाड उभे वाळते. ते काटे तोडून आणायचे कोणी, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.